अभ्यासिकेतले कॉम्प्युटर : लॉगिन न बदलता सॉफ्टवेअर टाकायच्या नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ऐरोलीतल्या आमच्या अभ्यासिकेच्या कॉम्प्युटर खोलीचं काम आजपासून लिहून ठेवतोय. पुढे दुसरं कोणी हे काम घेईल तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून शोधत बसायला लागू नये एवढ्यासाठी.

आधी आत्ताची परिस्थिती. एका ऑफिसनी बदललेली मशीन आपल्याला दिली, त्यांच्यावर विंडोज ११ प्रो आहे. दोन मशीन पार जुनी आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, ते दोन्ही ह्यांच्यात नाही, म्हणून त्या दोघांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकलीय. येणारी मुलं दिघा, रबाळे, घणसोलीपर्यंतची, कोणी एमपीएससी, कोणी पोलीस भरती, कोणी टायपिंगच्या परीक्षेवाले, आणि संध्याकाळी एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणारी पण आहेत. बऱ्याच जणांकडे घरी कॉम्प्युटर नाही, फोनवर फॉर्म भरता भरता वैतागलेले असतात बिचारे. म्हणून ही खोली नीट चालली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी इथे सगळेच ॲडमिन होते, म्हणजे मशीनवर कोणालाही काहीही टाकता-बदलता यायचं. त्याचं काय झालं ते वेगळं सांगायला नको, ब्राउझरमधे नको ते टूलबार, अँटिव्हायरस बंद, कोणीतरी गेम टाकलेला. आता प्रत्येक विंडोज मशीनवर दोनच अकाउंट : ‘विद्यार्थी’, जे साधं मर्यादित अकाउंट आहे, आणि ‘देखरेख’, जे ॲडमिन आहे. देखरेखचा पासवर्ड माझ्याकडे आणि संध्याकाळी बसणाऱ्या काकूंकडे, तिसऱ्या कोणाकडे नाही.

नवा त्रास असा की रोज कोणाला ना कोणाला काहीतरी टाकून हवं असतं. फाँट, झिप उघडायचं काहीतरी, प्रिंटर. मग काकू त्या मुलाला लॉगआउट करायला लावतात, देखरेखनी आत जातात, सॉफ्टवेअर टाकतात, परत बाहेर. मंगळवारी एका मुलीचा अर्धा भरलेला फॉर्म त्यात गेला आणि त्या दिवशी साइट इतकी हळू होती की तिला पूर्ण संध्याकाळ परत घालवायला लागली. ‘स्विच यूझर’ केलं तर आधीचं काम उघडं राहतं हे खरंय, पण मग दोन दोन लॉगिन मेमरी खात बसतात, देखरेख मागे तसंच चालू राहून जातं, आणि रात्री बंद करताना ‘अजून कोणीतरी हा पीसी वापरतंय’ असं विचारलं की काकू गोंधळतात.

तर काम हे : विद्यार्थी अकाउंटमधे बसल्या बसल्या, लॉगिन न बदलता, सॉफ्टवेअर टाकता आलं पाहिजे. आणि विद्यार्थी मर्यादितच राहिला पाहिजे.

रविवार, २ नोव्हेंबर

सुरुवातीलाच एक तपासून घ्यायचं ते लिहून ठेवतो, कारण ह्यात अडकलं की बाहेर पडणं कठीण. अकाउंट मर्यादित करायच्या आधी दुसरं ॲडमिन अकाउंट चालू आहे आणि त्याचा पासवर्ड खरंच चालतोय हे बघायचं. विंडोज आपलं स्वतःचं बिल्ट-इन ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट व्हिस्टापासून बंदच ठेवतं, त्यामुळे एकमेव ॲडमिनला मर्यादित केलं की मशीनवर ॲडमिन उरतच नाही, मग परवानगीची खिडकी येते पण तिच्यात पासवर्ड टाकायला जागाच नसते आणि ‘येस’ बटण करडं. कंट्रोल पॅनेलमधल्या यूझर अकाउंट्समधे दोन्ही अकाउंट दिसतात, देखरेखच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं असलं पाहिजे. सगळ्या मशीनवर बघून घेतलं. आणि पासवर्ड रिकामा चालणार नाही, रन-ॲज (दुसऱ्या अकाउंटच्या नावानी प्रोग्राम चालवायची सोय) सारख्या गोष्टी रिकामा पासवर्ड घेत नाहीत.

आता मुख्य. सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, स्क्रीन अंधारतो, देखरेखचा पासवर्ड विचारला जातो, टाकला की इन्स्टॉल सुरू. बस. बाकी सगळं विद्यार्थी म्हणूनच चालू, त्या मुलाचा फॉर्म मागे उघडा तसाच. सोसायटीच्या वॉचमनकडून टाकीच्या खोलीची तेवढी चावी घेतली, पूर्ण जुडगा नाही घेतला, तसं आहे हे. तो एकच प्रोग्राम देखरेखच्या अधिकारात चालतो आणि बंद झाला की अधिकार संपला. ही सोय विंडोज २००० मधे रन-ॲज म्हणून आली आणि आत्ताची अंधारणारी खिडकी २००७ च्या व्हिस्टापासून आहे.

स्क्रीन अंधारतो तो शोभेला नाही. त्या वेळी ती खिडकी वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर असते, विद्यार्थी अकाउंटमधे चाललेला दुसरा कुठला प्रोग्राम तिथली बटणं दाबू शकत नाही की काय टाइप केलं ते बघू शकत नाही. म्हणून पासवर्ड तिथेच टाकायचा, दुसऱ्या कुठल्या काळ्या खिडकीत नाही.

काकूंना शिकवलं. त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली ती मला फार आवडली. पासवर्डला हात लावायच्या आधी त्या खिडकीतलं नाव मोठ्यांदा वाचतात, ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ पुढे कोण आहे ते. पट्टी निळी असेल तर फाइलवर सही आहे, पिवळी असेल तर बनवणारा अनोळखी. पिवळी आली की काकू ‘नाही’ दाबतात आणि मला फोन करतात. हेच पाहिजे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज खरी गाठ सापडली, सविस्तर लिहितो.

एका मुलाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, त्याच्यासाठी व्हिडिओ कॉलचं ॲप काकूंनी काल रीतसर टाकलं. पासवर्ड घेतला, इन्स्टॉल पूर्ण झालं, आणि डेस्कटॉपवर काहीच नाही. स्टार्ट मेन्यूत नाही, सर्चमधे नाही. परत टाकलं तर म्हणतं आधीच आहे. मुलगा घाबरला, शेवटी ब्राउझरमधून जोडला, इंटरव्ह्यू झाला एकदाचा.

कारण असं. मर्यादित अकाउंटमधून दुसऱ्या ॲडमिनचा पासवर्ड टाकला की तो सेटअप नुसता ‘जास्त ताकदीचा’ होत नाही, तो देखरेख म्हणून चालतो. त्याच्यासाठी ‘माझा डेस्कटॉप’ म्हणजे देखरेखचा डेस्कटॉप, ‘माझा ॲपडेटा’ (ॲप आपल्या फाइल ठेवतात तो फोल्डर) म्हणजे देखरेखचा ॲपडेटा, रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला, करंट यूझरचा भाग पण देखरेखचाच. आणि हल्ली बरीच ॲप ‘फक्त माझ्यासाठी’ अशीच बसतात, प्रोग्राम फाइल्समधे, म्हणजे सगळ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधे, जातच नाहीत. तर ॲप बसलं होतं बरोबर, फक्त त्या माणसाच्या घरात जो इथे कधी येऊन बसतच नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर स्टार्टमधे कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) शोधायचं, राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड, आणि त्यात हू-ॲम-आय ही कमांड द्यायची, तीन इंग्रजी शब्द जोडून. उत्तर देखरेख येतं. बाजूला साधं कमांड प्रॉम्प्ट उघडून तीच कमांड द्या, विद्यार्थी येतं. एकाच स्क्रीनवर दोन खिडक्या आणि दोन वेगळी माणसं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून काकूंना दाखवलं तेव्हा त्यांना एका सेकंदात कळलं, त्याआधी माझं पाच मिनिटं बोलणं चालू होतं ते वेगळं.

म्हणून आता नियम असा ठरवतोय. सेटअप ‘सगळ्यांसाठी’ की ‘फक्त माझ्यासाठी’ असं विचारत असेल आणि सगळ्यांना लागणारी गोष्ट असेल तर पासवर्ड घेऊन सगळ्यांसाठी. ‘फक्त माझ्यासाठी’वाली गोष्ट असेल तर रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करायचंच नाही, साधं डबल क्लिक, पासवर्डची गरजच पडत नाही. व्हीएस कोड ह्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचे तर दोन वेगळे सेटअपच मिळतात, एक यूझर एक सिस्टिम. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचा नेहमीचा सेटअप सुरुवातीला यूझरपुरताच बसतो, सगळ्यांसाठी पाहिजे तर वेगळी टिक करायला लागते. त्या व्हिडिओ कॉलवाल्याचं देखरेखमधलं काढून टाकलं आणि विद्यार्थीतून नुसतं डबल क्लिक करून बसवलं, लगेच आयकॉन आला.

रविवार, ९ नोव्हेंबर

फाँट. इथे पण तीच गोष्ट. फाँटवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणलं की तो त्या अकाउंटपुरता बसतो, ॲडमिन लागत नाही, ही सोय विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून आहे. ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ म्हणलं की पासवर्ड मागतो. देवनागरी फाँट मी सगळे सगळ्यांसाठी टाकले, कारण काही जुनी सॉफ्टवेअर एका अकाउंटपुरता बसलेला फाँट यादीत दाखवतच नाहीत.

मराठी कीबोर्डला काही टाकायला लागत नाही, विंडोजमधेच आहे. इनस्क्रिप्ट तर आधीपासून आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवायचा) पण आहे. विंडोजमधे भाषा जोडायला ॲडमिन लागत नाही, विद्यार्थीतूनच झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काकूंचा फोन. सेटअपच्या सगळ्या फाइल आपण एका मशीनवर शेअर करून बाकीच्यांना झेड ड्राइव्ह म्हणून दिल्यात. झेडवरून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं की पाथ सापडत नाही म्हणतं. झेड ड्राइव्ह विद्यार्थीच्या लॉगिनला जोडलाय, देखरेखला त्याची खबरच नाही. फाइल आधी सी ड्राइव्हवरच्या पब्लिक फोल्डरमधे कॉपी करायची आणि तिथून चालवायची. झालं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

इंजिनीयरिंगचा एक मुलगा येतो, हुशार आहे, त्यानी सुचवलं की दादा दर वेळी काकूंना उठवायला नको, रन-ॲज कमांडला सेव्ह-क्रेड असा पर्याय आहे, एकदा पासवर्ड टाकला की परत विचारत नाही, शॉर्टकट बनवून ठेवू. त्याचा हेतू चांगलाच होता, काकूंचे गुडघे दुखतात आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत दर वेळी जायचं म्हणजे त्रासच. पण हे अजिबात करायचं नाही, आणि का ते इथे लिहितो, पुढच्या माणसाला पण हे कोणीतरी सुचवणारच.

सेव्ह-क्रेडनी पासवर्ड विद्यार्थी अकाउंटच्याच क्रेडेन्शियल मॅनेजरमधे, म्हणजे विंडोजच्या पासवर्ड साठवायच्या जागेत, जाऊन बसतो. तो त्या एका शॉर्टकटला बांधलेला नसतो. म्हणजे विद्यार्थीतून बसलेला कोणीही, किंवा कोणाच्या पेन ड्राइव्हवरून आलेला कुठला प्रोग्राम, तीच कमांड वापरून दुसरं काहीही देखरेख म्हणून चालू करू शकतो. आता कोणी म्हणेल की रन-ॲजनी उघडलेल्या खिडकीला पूर्ण ॲडमिन अधिकार नसतात, ते बरोबर आहे, ती देखरेखच्या नावानी पण कात्री लावलेल्या अधिकारांत उघडते. पण तिच्यातून सेटअप चालवला की येणारी खिडकी पासवर्ड विचारत नाही, नुसतं हो की नाही विचारते, कारण तिच्या लेखी समोर ॲडमिनच बसलाय. एक क्लिक आणि सगळं मशीन उघडं.

त्या कात्रीमुळे अजून एक गंमत होते ती त्याला करून दाखवली. रन-ॲजनी देखरेखचं कमांड प्रॉम्प्ट उघडलं आणि त्यातून विद्यार्थीच्या डाउनलोड्स फोल्डरमधे जायला गेलो तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. ॲडमिन असून! राइट क्लिकवाल्या रस्त्यानी उघडलेल्या प्रॉम्प्टमधून तोच फोल्डर सरळ उघडला. त्याला हे इतकं आवडलं की दोन तास तो हेच करून बघत बसला. काकूंच्या गुडघ्यांसाठी आम्ही असं केलं की ज्या मशीनवर सारखं काही टाकायला लागतं ते त्यांच्या टेबलाशेजारी आणून ठेवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिंटर. विद्यार्थीतून नेटवर्कवरचा प्रिंटर जोडताना ड्रायव्हरसाठी (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) ॲडमिन मागतो. २०२१ मधे विंडोजची छपाई सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरमधली मोठी भोकं निघाली, प्रिंटनाइटमेअर म्हणत होते तेच, त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर आणायला ॲडमिन लागतो. इंटरनेटवर ती रजिस्ट्रीची एक नोंद बदलून हे बंद करायचे उपाय सुचवलेले असतात, ते इथे करायचे नाहीत. ड्रायव्हरचा पूर्ण सेटअप उतरवून प्रत्येक मशीनवर एकदा राइट क्लिक करून टाकला, त्यानंतर विद्यार्थीतून प्रिंटर जोडताना काही मागत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

टायपिंगचं सॉफ्टवेअर. ह्याच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ह्याच्यावरच सगळ्यात जास्त मुलं अवलंबून आहेत, मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्द) तयारी करणाऱ्या मुली तर रोज येतात.

सॉफ्टवेअर जुनं आहे, ३२ बिट, आणि रोजचा सराव, वेग, चुका हे सगळं प्रोग्राम फाइल्समधल्या स्वतःच्याच फोल्डरमधे लिहायला बघतं. शिकवणाऱ्या ताईंची तक्रार अशी की मुलींच्या स्क्रीनवर त्यांचा महिन्याभराचा सराव दिसतो आणि ताई तपासायला काकूंकडून पासवर्ड टाकून घेऊन रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडतात तेव्हा सगळं रिकामं. ताईंना वाटलं मुली सरावच करत नाहीयेत. मुली रडायच्या बाकी होत्या.

मुलींनी सराव केला होता, सगळा होता. मर्यादित अकाउंटला प्रोग्राम फाइल्समधे लिहायला परवानगी नसते, आणि असं जुनं सॉफ्टवेअर अडखळून पडू नये म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं, त्या यूझरच्या लोकल ॲपडेटामधल्या व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या फोल्डरमधे. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच फोल्डरमधे लिहिलं. ॲडमिन म्हणून उघडलं की हे वळवणं होत नाही, खरा फोल्डर दिसतो, आणि तो रिकामा. मी व्हर्च्युअल-स्टोअर उघडून एकेका मुलीची फाइल ताईंना दाखवली, तारखेसकट. एकीचा वेग महिन्यात १९ वरून २८ वर गेलेला. ताईंनी तिथल्या तिथे तिला बोलवून दाखवलं.

उपाय म्हणून सगळ्यांना ॲडमिन करा, किंवा ते सॉफ्टवेअर कायम ॲडमिन म्हणूनच चालवा, असं लगेच सुचतं. दोन्ही नको. केलं असं : फक्त नोंदींचा जो आतला फोल्डर आहे त्याच्या प्रॉपर्टीजमधे सिक्युरिटी, तिथे एडिट, ह्या बटणावर ढालीचं चित्र असतं म्हणजे पासवर्ड इथेच मागतो, परत लॉगिन बदलायला लागत नाही, आणि यूझर्स गटाला मॉडिफायची परवानगी दिली. पूर्ण सॉफ्टवेअरच्या फोल्डरला देऊ नका. मूळ प्रोग्रामची फाइलच कोणाला बदलता आली तर उद्या काकू ती पासवर्ड देऊन चालवतील आणि आत काय असेल ते देखरेखच्या अधिकारात चालेल.

ह्यानंतर एक गोष्ट राहते. व्हर्च्युअल-स्टोअरमधली जुनी फाइल तिथे असेपर्यंत विद्यार्थीला तीच आधी दिसते. म्हणून सॉफ्टवेअर बंद करून त्या फाइल आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग खऱ्या फोल्डरमधे हलवल्या, व्हर्च्युअल-स्टोअरमधला तो भाग काढला, आणि मग उघडलं. आता ताई आणि मुली एकच नोंद बघतात.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मिंटवाली दोन मशीन. इथे विद्यार्थीतून सुडो (ॲडमिनच्या अधिकारात कमांड चालवायची लिनक्सची सोय) केलं की हा यूझर सुडोअर्सच्या फाइलमधे नाही म्हणून नकार येतो. बरोबरच आहे ते, सुडो बसलेल्या माणसाचा स्वतःचा पासवर्ड विचारतो आणि त्याला परवानगी दिलेली आहे का ते बघतो, १९८० च्या सुमाराला बफेलोच्या विद्यापीठात ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पण एकाच मशीनवर अनेक माणसं हाच प्रश्न होता. पण सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काही टाकलं की पोलकिट नावाची दुसरी यंत्रणा पुढे येते आणि ती ॲडमिनचा पासवर्ड विचारते, म्हणजे विंडोजसारखंच, काकूंना नवीन काही शिकायला नको. टर्मिनलमधून करायचं असेल तर सुडोच्या जागी पीके-एक्झेक लिहायचं, तीच खिडकी येते. आणि फ्लॅटपॅकला (लिनक्सवर ॲप टाकायची वेगळी पद्धत) यूझर पर्याय दिला की ॲडमिनशिवाय त्या अकाउंटपुरतं बसतं.

खरं सांगायचं तर ही दोन जुनी मशीन सध्या सगळ्यात कमी त्रास देतात.

शनिवार, ६ डिसेंबर

अपडेट. एकेक सॉफ्टवेअर हातानी अपडेट करणं जमणार नाही म्हणून विनगेट, म्हणजे कमांडनी सॉफ्टवेअर टाकायचं आणि अपडेट करायचं विंडोजचं साधन, वापरायचं ठरवलं. विद्यार्थीतून ॲडमिनचं कमांड प्रॉम्प्ट उघडलं, विनगेट लिहिलं, तर अशी कमांडच नाही म्हणतं. विद्यार्थीत चालतं, देखरेखमधे नाही. विनगेट हे स्टोअरवाल्या ॲपसारखं यूझरपुरतं नोंदवलं जातं आणि त्या यूझरनी एकदा तरी खरंखुरं लॉगिन केल्याशिवाय ती नोंद होत नाही. ज्या मशीनवर आपण देखरेखनी कधी आत गेलोच नव्हतो तिथेच हे आलं. तेव्हा सकाळी खोली रिकामी असताना तिथे देखरेखनी एकदा आत जाऊन बाहेर आलो, थोडा वेळ स्टोअरला काम करू दिलं, त्यानंतर विद्यार्थीतूनच सगळं चालायला लागलं. टाकताना स्कोप मशीन (म्हणजे सगळ्यांसाठी) असं सांगायचं, नाहीतर ८ नोव्हेंबरचीच गोष्ट परत, ॲप देखरेखच्या घरात.

विंडोज टर्मिनलपेक्षा साधं कमांड प्रॉम्प्टच वापरा, टर्मिनल पण तसंच यूझरपुरतं ॲप आहे आणि दुसऱ्याच्या नावानी उघडताना कुरकुर करतं.

आता उरलंय ते एवढंच : खिडकीजवळच्या मशीनवर टायपिंगच्या नोंदींचा फोल्डर अजून हलवलेला नाही, तिथली मुलगी परीक्षेपर्यंत रोज बसतेय आणि तिचं काम मधेच थांबवायचं नाही असं ताईंशी बोलणं झालंय. तिची परीक्षा झाली की करायचं, आणि तोपर्यंत त्या मशीनवर टायपिंगचं सॉफ्टवेअर कोणी ॲडमिन म्हणून उघडू नये, काकूंना सांगून ठेवलंय.